सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढं!

बालमित्रांनो, शाळेची सहल निघाली की आमच्या शाळेत एक नियम असतो. रांगेत सगळ्यात पुढं कोण? तुम्ही म्हणाल, मॉनिटर. छे! सगळ्यात पुढं असतो वर्गातला सगळ्यात हळू चालणारा मुलगा. त्याच्या पावलानं सगळी रांग चालते. मग कुणी मागं पडत नाही, कुणी हरवत नाही आणि कुणी रडतही नाही.

हा नियम मी गेली कित्येक वर्षं मुलांना सांगते आहे. पण आमच्या घरची सहल ठरली, तेव्हा मी स्वतःच तो साफ विसरले! त्याचीच ही गोष्ट.

सहल काही साधीसुधी नव्हती बरं का! जायचं होतं थेट जपानला, क्योटो शहरात आणि तेही सात दिवस. जाणारे आम्ही चौघं. मी, पाचवीत शिकणारी आमची मनू, मनूचे बाबा आणि माझे वडील. वडिलांना आम्ही ‘दादा’ म्हणतो. ते रेल्वेतून निवृत्त झाले आणि दौंडला राहतात. आमच्यापैकी एकानंही तोवर समुद्र ओलांडलेला नव्हता. पाच वर्षं दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, तेव्हा कुठं २०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीचा बेत ठरला. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं.

एकच गाव का?

“टोकियो पण करू, ओसाका पण करू!” मनू म्हणाली. पण गाव बदलायचं म्हणजे काय होतं, ठाऊक आहे ना? सामान भरा, स्टेशन गाठा, नवी खोली शोधा. अर्धा दिवस त्यातच जातो. म्हणून ठरवलं, एकाच गावात पथारी टाकायची.

गाव निवडलं क्योटो. हे नाव तुम्ही कदाचित विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. हवामानबदलाबाबतचा ‘क्योटो करार’ १९९७ साली याच गावात झाला. इसवी सन ७९४ मध्ये सम्राटानं इथं राजधानी वसवली आणि पुढं हजाराहून जास्त वर्षं जपानचे सम्राट इथं राहिले. १८६८ साली ‘एदो’ या गावाचं नाव बदलून ‘टोकियो’ म्हणजे ‘पूर्वेची राजधानी’ असं ठेवलं आणि सम्राट तिकडं गेले.

अनोळखी गावाची भीती कशी घालवायची? नकाशानं! क्योटोचा नकाशा तर गणिताच्या तासाला आणावा असा आहे. तीन बाजूंना डोंगर, मधून उत्तर-दक्षिण वाहणारी कामो नदी आणि रस्ते कसे? आलेखाच्या कागदावरच्या रेघांसारखे! चीनच्या चांगआन या जुन्या राजधानीचा नमुना समोर ठेवून हे गाव आखलं होतं. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांना चक्क नंबर आहेत. सान्जो म्हणजे तिसरा, शिजो म्हणजे चौथा, गोजो म्हणजे पाचवा. दक्षिणेकडं जावं तसे आकडे वाढत जातात. भुयारी रेल्वेचे मार्ग दोनच. एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम. म्हणजे य-अक्ष आणि क्ष-अक्षच म्हणा ना! ते एकमेकांना छेदतात त्या स्टेशनचं नाव कारासुमा ओइके. मनूनं हा नकाशा चौकटीच्या वहीत काढला आणि आठ दिवसांत तिला तो पाठ झाला.

सात दिवस, सतरा ठिकाणं!

आता खरी चूक ऐका. जपानच्या व्हिसासाठी अर्ज करताना, आपण कोणत्या दिवशी कुठं असणार याचा तक्ता जोडावा लागतो. तक्ता म्हटल्यावर माझ्यातली बाई जागी झाली. पट्टी घेतली, रकाने पाडले. युनेस्कोनं १९९४ साली क्योटो आणि शेजारच्या उजी, ओत्सू या गावांतली मिळून सतरा ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली आहेत. मी ती सतराच्या सतरा सात दिवसांत बसवली! सकाळी सोन्याचा मुलामा दिलेलं किन्काकुजी, दुपारी डोंगरावरचं कियोमिझू, संध्याकाळी निजो किल्ला. एक मिनिट वाया नाही. तक्ता भिंतीवर लावला आणि दादांना फोन केला, “या आणि बघा!”

दादा आले. चष्मा पुसून त्यांनी सगळा तक्ता वाचला. प्रत्येक ठिकाणाचे फोटो मनूनं दाखवले. पायऱ्या, चढ, परत पायऱ्या. दादांचे गुडघे चार वर्षांपासून दुखतात. ते काही बोलले नाहीत. “छान आखलंय,” एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले.

रात्री मनू माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, “आई, आजोबांनी त्यांचा पासपोर्ट पिशवीतून काढून तुझ्या कपाटात ठेवलाय.”

मी दादांना विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही तिघं जाऊन या. माझ्यापायी तुमचं बघायचं राहायला नको. मी तुळशीला पाणी घालीन, घर सांभाळीन.”

मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांनी मला बोट धरून पहिल्यांदा शाळेत नेलं, त्यांना मी रांगेच्या मागंसुद्धा नाही, रांगेच्या बाहेरच ठेवलं होतं!

वारीतला विसावा

सकाळी मी तो तक्ता भिंतीवरून काढला. दादांना म्हणाले, “दादा, आता तुम्ही सांगा. कसं आखायचं?”

दादा माळकरी. निवृत्तीनंतर पाच वर्षं त्यांनी पायी वारी केली. तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून यवत, वरवंड अशी जाते. ते म्हणाले, “वारीत म्हातारी माणसं एवढी लांब कशी चालतात? कारण मुक्काम ठरलेला असतो आणि मध्ये विसावा ठरलेला असतो. आधी विसावा ठरव, मग चाल ठरव.”

मग आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. तक्त्यात सगळ्यात आधी रोज दुपारी ‘विसावा’ लिहिला. म्हणजे सकाळी एकच ठिकाण, दुपारी खोलीवर परत आणि जमलं तर संध्याकाळी जवळपास फेरफटका. राहायची जागा क्योटो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्यावरची घेतली. थोडी महाग पडली, पण रिक्षा-टॅक्सीचे पैसे वाचले.

दुसरा नियम असा की प्रत्येकानं फक्त एक ठिकाण निवडायचं. मनूनं मांगा म्युझियम निवडलं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. मी नारा गावचा मोठा बुद्ध निवडला. मनूच्या बाबांनी कियोमिझू निवडलं. आणि दादा? “मला काय, कुठंही चालेल,” असं म्हणून गप्प बसले.

मनू तिच्या नकाशावर बोट फिरवत होती. एकदम ओरडली, “आजोबा, इथं इंजिनाचं चित्र आहे!”

क्योटो स्टेशनच्या पश्चिमेला उमेकोजी नावाचा भाग आहे. तिथं १९१४ साली बांधलेली वाफेच्या इंजिनांची गोल शेड आहे. मधोमध इंजिन फिरवायची चकती आणि तिच्याभोवती पंख्यासारखे पसरलेले वीस रूळ. १९७२ साली जपानी रेल्वेला शंभर वर्षं झाली, तेव्हा तिथं इंजिनांचं संग्रहालय सुरू झालं. २०१६ पासून त्याचंच मोठं क्योटो रेल्वे म्युझियम झालं आहे. आणि खरी गंमत पुढंच आहे. तिथली काही इंजिनं अजूनही वाफेवर चालतात आणि लोकांना डब्यांत बसवून फेरी मारतात!

दादा १९७४ साली रेल्वेत लागले ते फायरमन म्हणून. फायरमन म्हणजे इंजिनाच्या भट्टीत फावड्यानं कोळसा टाकणारा माणूस. पुढं ते डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर झाले, पण गोष्टी सांगायचे त्या कोळशाच्याच. त्यांनी मनूच्या हातातून नकाशा घेतला. बराच वेळ बघितला. मग विचारलं, “तिथं कोळशाचा वास येतो का गं?”

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं, तर पासपोर्ट तिथं नव्हता. तो परत दादांच्या पिशवीत गेला होता!

वाराला विसरू नका

नव्या तक्त्यात आम्ही रेल्वे म्युझियम बुधवारी टाकलं. मनूनं शेवटचं तपासलं म्हणून बरं! ते म्युझियम बुधवारी बंद असतं. आठवडाभराच्या सहलीत अशी चूक महागात पडते. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढं तीन गोष्टी लिहा. सुट्टीचा वार, उघडण्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ. क्योटोतली पुष्कळ देवळं दुपारी चार-पाचलाच बंद होतात आणि ऑक्टोबरच्या अखेरीला सूर्यही पाचच्या सुमारास मावळतो. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहेत, हेही लक्षात ठेवा.

खाण्याचं काय? दादा मासमच्छी खात नाहीत. जपानमध्ये नुसत्या भाज्यांचं सूप मागितलं, तरी त्याच्या पाण्यात बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. त्याला ‘दाशी’ म्हणतात. म्हणून ‘आम्ही मांस, मासे आणि माशाची दाशी खात नाही’ असं जपानी भाषेत लिहिलेलं कार्ड आम्ही बरोबर घेतलं. शिवाय दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी होतीच. क्योटोचं टोफू प्रसिद्ध आहे आणि बौद्ध मठांच्या पद्धतीचं ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मांसमासळीविना असतं.

मी घरची विजेची किटलीही भरत होते. मनूच्या बाबांनी थांबवलं. का, सांगा पाहू? आपल्याकडं घरात २३० व्होल्टची वीज येते, जपानमध्ये १०० व्होल्टची. आपली किटली तिथं लावली, तर तिची शक्ती जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढी उरते. चहाचं आधण येईपर्यंत विसावा संपायचा! तिथली पिनही वेगळी, दोन चपट्या पात्यांची. म्हणून किटली राहिली आणि फक्त मोबाईलच्या चार्जरसाठी जोडपिन घेतली.

आणि मग निघालो

मुंबईहून विमान बदलून आम्ही कान्साई विमानतळावर उतरलो. हा विमानतळ समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर आहे आणि १९९४ साली सुरू झाला. तिथून क्योटोची गाडी साधारण सव्वा तासाची. दादा खिडकीशी बसले ते रूळच बघत बसले.

रविवारी सान्जूसान्गेन्दोला गेलो. सुमारे १२० मीटर लांबीचं लाकडी देऊळ आणि आत कान्नोनच्या म्हणजे अवलोकितेश्वराच्या १००१ मूर्ती! जमीन सपाट, त्यामुळे दादा अगदी निवांत चालले. मूर्तींच्या पुढं २८ रक्षक देव उभे आहेत. त्यांतला बोन्तेन म्हणजे आपला ब्रह्मदेव, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र आणि करुरा म्हणजे गरुड! हा गरुड चक्क बासरी वाजवतो. दादांनी हात जोडले आणि म्हणाले, “ही तर ओळखीची माणसं निघाली.”

क्योटोच्या सिटी बसमध्ये मागच्या दारानं चढतात, पुढच्या दारानं उतरतात आणि पैसे उतरताना देतात. मोठ्या माणसाला २३० येन, मनूला १२०. तेव्हा एक येन साठ पैशांच्या थोडा आत होता. म्हणजे मनूनं तोंडी हिशेब केला, माझं तिकीट साधारण १३५ रुपये.

सोमवारी पहाटे आम्ही तिघं कियोमिझूला जाऊन आलो, कारण ते सकाळी सहालाच उघडतं. डोंगरउतारावर खांबांवर उभा केलेला त्याचा उंच लाकडी सज्जा पाहिला. दादा खोलीवर चहा पीत बसले होते. सगळ्यांनी सगळं बघायलाच हवं असं थोडंच आहे? नंतर चौघं मिळून मांगा म्युझियमला गेलो. ते एका जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे. १८६९ साली क्योटोच्या लोकांनी वस्त्यावस्त्यांत वर्गण्या काढून ६४ शाळा उघडल्या. सरकारचा शाळांचा कायदा १८७२ चा, म्हणजे लोक सरकारच्याही पुढं! ही शाळा त्यांतलीच एक. सुमारे ५०,००० पुस्तकं उघड्या फळ्यांवर असतात. कोणतंही घ्या आणि वाचत बसा. मनू तिथून उठायलाच तयार नव्हती आणि लाकडी जिना बघत मी आमच्या शाळेचा विचार करत होते.

मंगळवारी नारा. तिथं बागेत हजाराहून जास्त हरणं मोकळी फिरतात आणि बिस्किटासाठी मान लववतात. त्यांना त्यांची खास बिस्किटंच द्यायची आणि प्लॅस्टिकची पिशवी कधीच टाकायची नाही. पिशव्या पोटात जाऊन इथली काही हरणं मेली आहेत. तोदाइजी देवळातला बुद्ध सुमारे १५ मीटर उंच आहे. ७५२ साली त्याचे डोळे रंगवून प्रतिष्ठापना केली, ती भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूनं! जहाजानं, वादळं सोसत गेलेला तो माणूस. त्याच्यापुढं आमचा तक्ता म्हणजे पोरखेळच.

बुधवारी फुशिमी इनारी. हजारो केशरी कमानींची रांग डोंगरावर चढत जाते. मनू आणि तिचे बाबा वर गेले, मी आणि दादा पायथ्याशी बसलो. देऊळ स्टेशनच्या समोरच आहे, म्हणून हे जमलं. दुपारी विसावा घेऊन सगळे तोजीला गेलो. ५५ मीटर उंचीचा पाच मजली लाकडी मनोरा आणि भोवती सपाट अंगण.

गुरुवार

गुरुवारी दादा पहाटे साडेचारलाच उठून, आंघोळ करून, टोपी घालून तयार! म्युझियम दहाला उघडतं म्हटलं, तरी ऐकेनात.

त्या गोल शेडशी पोचलो आणि दादा थांबले. समोर काळीकुळकुळीत इंजिनं अर्धवर्तुळात उभी होती. एकाच्या धुराड्यातून धूर निघत होता. वाऱ्यानं वास आमच्याकडं आला. दादांनी डोळे मिटून घेतले. काही विचारायची गरजच नव्हती.

इंजिनावरच्या माणसाला दादांनी हातवारे करून फावडं मारून दाखवलं, मग स्वतःकडं बोट केलं. त्या माणसानं क्षणभर बघितलं, टाचा जुळवल्या आणि दादांना सलाम ठोकला! दादांनीही ठोकला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण गाडी सुटायच्या आधी त्यानं पुढं बोट करून काहीतरी मोठ्यानं म्हटलं. दादा लगेच म्हणाले, “बघ, सिग्नल बोलून दाखवतोय. आम्हीपण असंच म्हणायचो.” एक किलोमीटरची फेरी, दहा मिनिटांची. उतरल्यावर दादा मनूला म्हणाले, “यांची रेल्वे १८७२ ची, आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची. आपण एकोणीस वर्षांनी थोरले!”

त्या दिवशी दादा किती चालले, कुणी मोजलं नाही. विसाव्याला घरी जाऊ या म्हटलं, तर म्हणाले, “आज विसावा इथंच!”

कोरा दिवस

शुक्रवारचा रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेवला होता. त्या दिवशी कामो नदीवर गेलो. दोन नद्या मिळतात तिथं पात्रात कासवाच्या आकाराचे दगड बसवलेले आहेत. मनू तिथल्या मुलांबरोबर एका कासवावरून दुसऱ्यावर उड्या मारत होती. आम्ही काठावर बसून शेवटच्या दशम्या संपवल्या. आसपास कचऱ्याची पेटी दिसली नाही, म्हणून कागद पिशवीत घालून खोलीवर परत आणले. तिथं सगळे तसंच करतात.

सतरापैकी आम्ही किती ठिकाणं बघितली? फक्त दोन, त्यातलं एक तर दादांशिवाय! सोन्याचं देऊळ राहिलं. र्‍योआनजीची बाग राहिली. त्या बागेत पंधरा दगड असे मांडले आहेत म्हणे, की बसून कुठूनही बघितलं तरी एखादा तरी लपलेलाच राहतो. मनू म्हणाली, “मग आपलं बरोबरच आहे. काहीतरी राहणारच!”

तर दोस्तांनो, येत्या सुट्टीत तुम्ही आजोळी जा, पन्हाळ्याला जा, नाहीतर परदेशात जा. पण आई-बाबा बेत आखायला बसले की वही घेऊन तुम्हीही शेजारी बसा. नकाशा काढा, सुट्टीचे वार तपासा, रोजचा विसावा लिहा, एक दिवस कोरा ठेवा. आणि हे सगळं करायच्या आधी घरात एकदा बघून घ्या, आपल्यात सगळ्यात हळू कोण चालतं. त्यांना विचारा, “तुम्हाला काय बघायचंय?” ते पहिल्यांदा म्हणतील, “मला काय, कुठंही चालेल.” तेवढ्यावर थांबू नका. परत विचारा. विचाराल ना?